रुमलीच्या हाताला फुटलेल्या शिरा

डॉ. नरोत्तम पाटील यांची आणि माझी पहिली भेट फारशी गोड झाली नाही. साठचं दशक होतं, धडगावच्या दवाखान्यात मी नुकतीच परिचारिका म्हणून रुजू झाले होते. एका जखमेची चिकटलेली पट्टी मी ओढून काढली, तेव्हा डॉक्टरसाहेब मागूनच म्हणाले, "बहीन, ह्या लाल दाना म्हनजे नव्या शिरा शेतस. वढू नको." तापीकाठच्या गुजर घरातले, एवढे शिकलेले गृहस्थ आणि चारचौघांत मला अहिराणीत बोलतात, याचाच मला जास्त राग आला. पट्टी मात्र त्या दिवसापासून मी पाण्याने भिजवूनच काढू लागले.

त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या सेवेविषयी पुष्कळजण लिहितील. मी रुमलीबद्दल लिहिते.

रानात बोरं वेचत असताना अस्वलाने रुमलीच्या उजव्या हाताचं मागचं मांस सोलून काढलं होतं. हाडं उघडी पडली होती. मोठ्या रुग्णालयातून सल्ला आला, हात कापा. डॉक्टरसाहेबांनी तो मानला नाही. त्यांनी तिच्या पोटाची कातडी एका बाजूने सोडवून हातावर शिवली. हात पोटालाच जोडलेला. हाताकडून त्या कातडीत नव्या शिरा शिरल्या की मधला पूल कापायचा. शिरा शिरण्याआधी कापला, तर कातडी काळी पडणार आणि हातही जाणार.

"शिरांना कळतं कसं कुठे जायचं ते?" मी विचारलं होतं.

"प्राणवायू कमी पडला की पेशी हाक मारत असतील. कशाने मारतात, ते मलाही ठाऊक नाही," ते म्हणाले. ती हाक म्हणजे एक प्रथिन असतं, ते शेजारच्या शिरेच्या अस्तराला चिकटतं, अस्तरातून कोंब फुटतो, कोंब पोकळ होऊन त्यातून रक्त वाहू लागतं, हे जगाला पुढे कळलं. आम्ही तेव्हा नुसतीच वाट पाहत होतो.

त्यात होळी आली. डोंगरातल्या माणसाला होळीला दवाखान्यात ठेवणं कोणाच्या बापाला जमायचं नाही. रुमलीच्या सासूने गाठोडं बांधून सांगितलं, "उद्या आम्ही जाई ऱ्हायनूत." पोटाकडचं रक्त थांबवून हाताकडून येतं का, हे बघायला पूल चिमट्याने दाबून पाहणं एवढंच हाती होतं, आणि तेच करायला डॉक्टरसाहेब दोन दिवस कचरत होते.

सकाळी मी चादर उचलली. त्या पुलाभोवती काळा दोरा करकचून आवळलेला होता.

"मी बांधा पहाटे," सासू शांतपणे म्हणाली. "वाटमा नजर लागाले नको म्हनीसन."

दोरा कापायला मी कात्री उचलली. डॉक्टरसाहेबांनी माझं मनगट धरलं.

"थांब. रंग देख."

सावळ्या कातडीवर रंग कुठला दिसतो? त्यांनी हातावर शिवलेली कातडी बोटाने दाबली. जागा फिकी पडली आणि फिकीच राहिली. रुमली आमच्या तोंडांकडे बघत होती. मी मनातल्या मनात सासूला नको नको ते बोलून घेतलं. मग कडेकडून हळूच लाली सरकत आली. पोटाकडची वाट दोऱ्याने बंद होती. हे रक्त हाताकडून येत होतं.

पूल कापला. हाताकडच्या कडेतून लालभडक थेंब वर आला. डॉक्टरसाहेब बाहेर गेले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. परत येऊन ते सासूसमोर जमिनीवर बसले. आता मार बसणार म्हणून म्हातारी अंग चोरून होती. रागाचा एक शब्दही ते तिला बोलले नाहीत. पुढच्या वेळी काहीही बांधायच्या आधी मला विचारा, एवढंच सांगितलं. मी त्यांच्या जागी असते तर एवढ्यावर सोडलं नसतं. माणसाचा मोठेपणा म्हणतात तो मी त्या दिवशी पाहिला आणि आजही तो मला पेलत नाही.

डॉक्टरसाहेबांना हृदयाचा त्रास आहे, हे आपण सगळे जाणतोच. काळजी वाटते, ती लपवत नाही. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, असं मी लिहिणारच होते. त्याआधी मोलगीच्या बाजारात रुमलीबाईंना गाठून विचारलं, तुमच्याकडून काय लिहू? त्यांनी पदर सावरत उजवा हात माझ्यापुढे धरला.

"हाऊ हात अजून भाकर थापस," त्या म्हणाल्या. "मंग डॉक्टरले काय व्हई?"