दोन काचांमधली ओल

सानपाड्याच्या या घरात दुहेरी काचा बसवल्या त्या माझ्या मुलीने, हट्टाने. हायवेच्या आवाजाने बाबांना झोप लागत नाही, हा तिने बंगळुरूत बसून लावलेला शोध. आवाज गेला खरा. त्याबरोबर भाजीवाल्याची हाकही गेली, पण ते तिला कशाला सांगू?

बायको आधीच गेली होती. आता समोरच्या इमारतीतली एक खिडकी तेवढी उरली. तिथे माझ्याच वयाचे एक गृहस्थ सकाळी चहा घेत उभे असायचे. एकदा त्यांनी कप उंचावून दाखवला, मीही दाखवला. दोन वर्षं हे चाललं. ना नाव विचारलं, ना भेटलो. पण दिवसभरात माझ्याकडे बघणारं तेवढंच एक माणूस होतं.

या पावसाळ्यात ती मोठी, न उघडणारी काच पांढुरकी झाली. मी आतून पुसली. मग जीव मुठीत धरून बाजूच्या झडपेतून हात काढून बाहेरून पुसली. व्हिनेगर झालं, वर्तमानपत्र झालं. शेवटी काचवाला आला आणि म्हणाला, कडेचं सील गेलंय, ओल दोन काचांच्या मधे शिरलीय, तिथे फडकं पोचायचं नाही. नवी काच यायला तीन आठवडे. मला त्याचा उगाचच राग आला.

आठवड्याने बेल वाजली. दारात तेच गृहस्थ, हातात डबा, चेहरा पडलेला. मला पाहून ते चांगलेच दचकले.

"तुमी दिसंना," ते हळूच म्हणाले. "काच पन पांढरी. मला वाटलं, गेला तुमी."

डब्यात पिठलं-भाकरी होती. आमच्या साताऱ्याकडे माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारीच जेवण आणतात. त्याला कडू घास म्हणतात. तेही तिकडचेच निघाले, आणि माझाच कडू घास मला घेऊन आले होते. मला हसू आवरेना. तेही ओशाळून हसले.

मी दोन ताटं घेतली. भाकऱ्या मात्र सहा होत्या.

"घरात मान्सं जमली असतील म्हनून जादा आनल्या," ते म्हणाले आणि आतल्या रिकाम्या खोल्यांकडे बघत राहिले.

भाकरी मोडताना माझा हात थांबला. मी खरंच गेलो असतो, तर त्यांना दार उघडायलाही कोणी नव्हतं.