रंगाखालचं नाव

निवृत्त झालो, तरी एका तपासानं लावलेली खोड सुटत नाही. टीव्हीवर जहाज दिसलं की मी बातमी सोडून आधी त्याचं नाव वाचतो.

मी तेव्हा साकोली तालुक्यात ठाणेदार होतो. सानगडीकडचे एक म्हातारे मासेमार ठाण्यात आले. मुलगा एका एजंटमार्फत तेलाच्या जहाजावर खलाशी लागलेला, आणि एकवीस दिवस त्याचा फोन नव्हता.

"सायेब, एजंट म्हन्ते पोट्टा जहाज सोडून पळाला. भर समुद्रात पळून जाईन कुठं?"

प्रश्न बिनतोड होता. मिसिंगची नोंद घेऊन मी एजंटला बोलावलं. गडी तीन तास एकच पाढा म्हणत राहिला. त्याच्या कागदांवरचं जहाजाचं नाव शोधलं, तर ते जहाज दोन वर्षांपूर्वीच भंगारात निघालेलं! मग हा पोरगा नोकरी कुठे करत होता? खरं सांगतो, मला पोरावरच संशय आला.

त्यानं पाठवलेला शेवटचा फोटो मी म्हाताऱ्यांना दाखवला. पोराच्या मागे जहाजाची पिछाडी आणि त्यावर ठळक नाव. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. ते रंग बघत होते.

"डोंग्याले नवा रंग मारला का जुना खालून फुगून दिसते. इथं खाली दुसरं काईतरी लिवून हाय, सायेब."

फोटो मोठा केला. लोखंडाची जुनी अक्षरं रंगाखालून वर आलेली! ते नाव एजंटसमोर ठेवलं आणि म्हणालो, "आता सरळ सांग." त्याचा चेहराच पडला आणि तो बोलू लागला. त्या जहाजावर बड्या देशांचे निर्बंध होते, म्हणून ते भंगारातल्या जहाजाचं नाव लावून तेल नेत होतं. परदेशी बंदरात पकडलं गेलं, खलाशांचे फोन जप्त झाले. एजंटला सगळं ठाऊक होतं. त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा नोंदवला आणि खऱ्या नावासह अहवाल वरिष्ठांमार्फत परराष्ट्र खात्याकडे पाठवला.

निर्बंध म्हणजे काय, हे मी म्हाताऱ्यांना समजावू लागलो. ते मधेच म्हणाले, "म्हंजे हुक्कापानी बंद! पन वाळीतल्याचा माल सस्ता भेटला का लोकं मागच्या दारानं घेतेतच नं. पयले गावात एकच पाटील होता. आता चार झाले, तं आयकाव कोनाचं?"

एवढं सोपं मला कोणत्याही चर्चेत ऐकायला मिळालं नाही. पुढे मी बरंच वाचलं. तेल विकणारा सुटतो, घेणारा सुटतो, डेक घासणारा मात्र सापडतो. चोरीच्या तपासातही हेच पाहत आलो होतो.

पाच महिन्यांनी पोरगा परतला. बापाबरोबर ठाण्यात आला, पाया पडला. मग म्हणाला, "सायेब, माह्या नावावर तिकडं शिक्का बसला. दुसरं जहाज घेत नाही. मी गुन्हेगार नाही, असं लिवून देता का?"

आपल्या कायद्याप्रमाणे त्यानं काहीच गुन्हा केला नव्हता. मी लिहून दिलं: या इसमाविरुद्ध आमच्या अभिलेखावर काहीही नाही. सही केली, शिक्का मारला.

त्यानं दोनदा वाचून विचारलं, "हे तिकडं चालंन का?"

"आमच्या हद्दीत चालेल," मी म्हणालो, आणि माझी मलाच लाज वाटली.