अक्काचा गुडघा आणि अमेरिकेचं पत्र

अक्काच्या गुडघ्याच्या मलमाची चौकशी मी अमेरिकेत केली, पण माझ्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात केली नाही. मी शाळेत भूगोल शिकवायचो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको.

अक्का माझी थोरली बहीण. मी जळगावला पिंप्राळ्यात, ती धुळ्यात एकटी. उन्हाळा लागला की तिच्या गल्लीत बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, सुरू व्हायच्या. ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या धोतरावर हाताने थापायचं, आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. अक्काच्या हातची बिबडी सगळ्यांत पातळ, म्हणून पहिली हाक तिला. त्या हाकेवर तिचं वर्ष निघायचं. १९९०च्या सुमाराला तिचा गुडघा धरला आणि खाली बसणंच अवघड झालं.

शाळेतल्या एका सहकाऱ्याचा जावई जर्मनीहून आला, त्याने एक ट्यूब दिली. तिकडे म्हणे कुणीही दुकानात जाऊन घेतं. गार, पारदर्शक मलम. अक्काने पंधरा दिवस चोळलं आणि त्या वर्षी ती बिबड्यांना बसली. ट्यूब संपली तेव्हा तिने ती कात्रीने उभी कापली आणि आतलं बोटाने पुसून घेतलं.

"आखो एक भेटी का रे?"

"अक्का, तू काळजीच करू नको," मी म्हणालो. मी असं म्हणालो की खरं तर काळजी करावी.

जावई परत गेला, तो पुन्हा फिरकला नाही. मग मी कापलेल्या ट्यूबवरचं औषधाचं नाव उतरवून अमेरिकेतल्या एका जुन्या विद्यार्थ्याला पत्र टाकलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: 'सर, इथे हे मलम मिळत नाही. डॉक्टरांनाही विचारलं. फक्त गोळ्या मिळतात.' मी लगेच सिद्धांत मांडला. जे अमेरिकेत नाही, ते जळगावात कुठून असणार? धुळ्याला जाऊन अक्कालाही हे ऐकवलं, आणि तेही ऐटीत, जणू अमेरिकेने मला जातीने कळवलं होतं.

"अमेरिकामां नही त आठे कोठून येई?" अक्का म्हणाली. "राहू दे."

पुढच्या उन्हाळ्यात तिने बाजूला स्टूल टाकून पाहिलं, पण स्टुलावरून धोतरापर्यंत हात पोचेना. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बायकांनी हाक मारणं सोडलं. वाईट मनाने नाही. उगाच तिला त्रास कशाला, म्हणून. शेजारच्या गच्चीवर हसणं सुरू झालं की अक्का खिडकी लावून घ्यायची. मी दर महिन्याला तिच्यासाठी पिवळा बाम न्यायचो. कुठून? त्याच कोपऱ्यावरच्या दुकानातून.

एकदा असाच बाम घेताना काचेमागे एक पांढरं खोकं दिसलं. नाव मला तोंडपाठ होतं.

"हे कधीपासून ठेवता?"

"दोनेक वर्षं झाली, सर."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही बाम मागता, मी बाम देतो."

दोन ट्यूब घेऊन धुळ्याची एस.टी. पकडली. वाटेत तीन-चार थापा रचल्या, एकही टिकेना. अक्काला खरं सांगून टाकलं. ती मलम महिनाभर चोळत राहिली. दुखणं जरा उतरलं, पण पाय मुडपेना. डॉक्टर म्हणाले, सांधा आखडलाय, आता एवढंच.

डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी शेजारच्या गच्चीवर बिबड्या चालल्या होत्या. अक्का खाटेवर पाय लांब करून बसलेली. तिने मलमाचं खोकं उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"अमेरिकाले इचारं, गल्लीमां नही इचारं. बठ्ठी अक्कल टपालपेटीमां टाकी दिधी का रे?"