अक्काचा पहिला प्रश्न

फोन आला तेव्हा मी औरादच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होते. गुलबर्ग्याहून नीलाक्काचा मुलगा बोलत होता. "मावशी, आई गेली…" मेथी तिथंच टाकली. रडू नंतर आलं. आधी आठवला तो दोनच दिवसांपूर्वीचा रविवार. आता दीड महिना होत आला, पण तो रविवार डोक्यातून जात नाही.

नीलाक्का माझी मावसबहीण, चार वर्षांनी मोठी. गुलबर्ग्यात समुपदेशनाचं काम करायची. तिच्या खोलीत टेबल-खुर्ची नव्हती. चपला बाहेर काढून शहाबादी फरशीवर बसायचं आणि पुढ्यातल्या सुपातली तुरीची डाळ निवडायची, मग आलेला माणूस वकील असो की बारावीतलं पोर. "हात कामात असले की तोंड सुटतंय," म्हणायची. मी चिडवायचे, "अक्का, दुःख ऐकायलीस का फुकटात डाळ निवडून घ्यायलीस?" ती खळखळून हसायची. "दोन्ही गं!" मनात काय आहे, असं ती कुणालाच विचारायची नाही. कुणाला मराठीत, कुणाला कन्नडात, कुणाला दखनीत ती एवढंच विचारायची, कुठं दुखतंय? पण त्याच्याही आधीचा प्रश्न ठरलेला असायचा. डॉक्टरला दाखवलं का? नसेल दाखवलं, तर दारातूनच परत पाठवायची.

ठाणाकुशनूरची एक मुलगी आठवते. परीक्षेच्या सकाळी तिच्या पोटात कळ यायची. बाप म्हणायचा, "नाटकं करायलीय." अक्कानं आधी सगळ्या तपासण्या करून घ्यायला लावल्या. काही निघालं नाही, तेव्हा तिला फरशीवर बसवलं. "पाय टेक. गार लागायलंय? आता पोटावर हात ठेव अन् सावकाश श्वास सोड." दोन खेपा मुलगी नुसती डाळ निवडत राहिली. तिसऱ्या खेपेला खडा वेचता वेचता म्हणाली, "मला डॉक्टर व्हायचं न्हाई." मग अक्कानं बापापुढंही सूप सरकवलं. निवडता निवडता त्याचेच डोळे भरून आले. ती मुलगी आता औरादला शिवण शिकवते. अक्का गेली त्या दिवशी माझ्या आधी तीच पोचली होती.

माझे यजमान गेले तेव्हा माझ्याही छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. अक्कानं आधी हाताला धरून दवाखान्यात नेलं. हृदय ठीक आहे म्हटल्यावर मगच फरशीवर बसवलं. त्या फरशीनं मला उभं केलं, हे खोटं नाही. पण मी फरशी तेवढी लक्षात ठेवली आणि दवाखाना विसरले.

त्या रविवारी मी तिच्याकडं गेले होते. जेवणं झाल्यावर अक्का छातीवर हात ठेवून म्हणाली, "सुमे, हितं दगड ठेवल्यावानी व्हायलंय गं." तिचा धाकटा भाऊ जाऊन तीनच महिने झाले होते. मला वाटलं, दुःख आहे, दुसरं काय! मोठ्या शहाणपणानं म्हटलं, "बस हितं. पाय टेक. श्वास सोड." अक्का निमूट बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "व्हय, बरं वाटायलंय." गुरूची विद्या गुरूला दिली म्हणून परतीच्या बसमध्ये मी खुशीत होते… मंगळवारी सकाळी तिचं हृदय थांबलं.

तिचा मुलगा म्हणतो, "मावशी, तिला स्वतःला कळलं न्हाई, तुम्हाला कसं कळणार?" खरं असेल. दुसऱ्याला हजारदा विचारलेला प्रश्न तिनं स्वतःला कामून विचारला नाही, ते तीच जाणे. पण मी होते ना तिथं. मला विचारता आला असता.

परवा तिची खोली आवरायला गेले. सूप कोपऱ्यात तसंच होतं. डाळ अर्धी निवडलेली, खडे एका कडेला. मी चपला काढून फरशीवर बसले, पाय टेकले, सूप पुढ्यात ओढलं. बराच वेळ निवडत राहिले. या जागी बसून किती माणसं बोलती झाली… माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं.

"अक्का, डॉक्टरला दाखवलंस का?"

मोठ्यानं विचारलं मी. बाहेर ओट्यावर तिचा मुलगा बसला होता. त्यानं ऐकलं असणार. तो आत आला नाही.