टबाभोवतीचं ओलं पोतं

पीएच.डी.च्या दिवसांतला नागपूरचा मे महिना आठवला की मला अजून मांगूर माशांचा वास येतो, आणि खरं सांगते, तो हवाहवासा वाटतो.

माझा विषय ऐकून नातेवाईक हसायचे. मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन औषधाने कमी केलं तर मादी माशाच्या पोटात अंडी भरतात की नाही, एवढंच मला बघायचं होतं. मावशी म्हणायची, धंतोलीतल्या दवाखान्यांतले डॉक्टर माणसांचं डोकं ठिकाणावर आणतात आणि तू माशांचं बिघडवतेस.

प्रयोगशाळेत दोन टब होते. एकातल्या माशांना औषधाचं इंजेक्शन, दुसऱ्यातल्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याचं. औषधाच्या टबावर मी 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली होती. टबांची देखभाल निवृत्तीला आलेले, रामटेककडचे अटेंडंट काका करायचे. दुपारी कूलरसमोर बसून आम्ही दोघं त्यांच्या घरचे मुरमुरे खायचो. तशा निवांत दुपारी पुन्हा मिळाल्या नाहीत.

जूनच्या तोंडावर मासे तपासले. मिठाच्या पाण्यावाल्यांची पोटं अंड्यांनी गच्च, औषधवाल्यांची जवळजवळ रिकामी. मी अक्षरशः नाचले. फेलोशिप संपत आली होती, आणि मांगूर वर्षातून एकदाच अंडी धरतो. हंगाम हुकला की वर्ष गेलं.

दुसऱ्या दिवशी काका आपणहून माझ्या टेबलापाशी आले.

"मॅडम, उन्हानं मासोळ्या तळमळून राहिल्या होत्या. म्हणून एका टबाले मी रोज ओलं पोतं गुंडाळलं. दुसऱ्यावर हात लावू नका लिहून होतं, त त्याले नाही गुंडाळलं."

म्हणजे एका टबाचं पाणी गार, दुसऱ्याचं तापलेलं. फरक औषधाचा की उन्हाचा, हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. मी त्यांच्यावर नको तेवढी ओरडले. चिठ्ठी एकाच टबावर लावणारी मीच, हे घरी पोचेपर्यंत डोक्यात शिरलं नाही. ते गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. खोट्या निकालावर मी डॉक्टर झाले असते.

ते निकाल मी बाद केले. वर्षभर शिकवण्या घेतल्या. पुढच्या उन्हाळ्यात काकांनी दोन्ही टबांना पोती गुंडाळली. फरक निघाला, थोडासाच, पण खरा.

प्रबंध बांधून आला तेव्हा काका हात धुऊन, पुसून बघायला आले. आभाराचं पान त्यांनी ओळींवर बोट फिरवत सावकाश वाचलं. मार्गदर्शक होते, आईवडील होते, मावशी होती, टायपिंग करणारासुद्धा होता. काका नव्हते. मी त्यांना विसरले होते.

"चांगलं झालं मॅडम," म्हणत त्यांनी प्रबंध मिटून माझ्या हातात दिला. तेव्हा वाटली तेवढीच लाज मला आजही वाटते.