दहाला न चढलेला पारा

गुरुवार, २४ ऑक्टोबर १९६८. आकाश स्वच्छ, वारा अजिबात नाही. वन्सं डबा विसरून गेल्या, दहा वाजून गेल्यावर नेऊन दिला. हे बाराला नव्या इंजिनाच्या बोटीबरोबर निघणार होते, गेले नाहीत.

डायरीच्या पानावर त्या दिवशी एवढंच मावलं. राहिलेलं आज लिहिते.

वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. बंदराच्या हवामान कचेरीत त्या एकतीस वर्षं निरीक्षक होत्या. ठरल्या वेळी पाऱ्याच्या नळीपुढे उभं राहायचं, डोळा पाऱ्याच्या पातळीत आणायचा आणि आकडा शाईने नोंदवहीत लिहायचा. खाडाखोड बंद. चूक निघालीच तर आकड्यावर एक आडवी रेघ मारायची आणि जो मारील त्याने शेजारी सही करायची. गल्लीतली मुलं त्यांना ‘पारा मावशी’ म्हणत. स्वभावावरूनही ते खोटं नव्हतं.

चक्रीवादळ शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं, पण मला ते कळलं वन्संबरोबर भांडी विसळताना. पाऊस ओसरला तरी समुद्र तापलेलाच राहतो, त्या सांगत. पाणी सव्वीस-सत्तावीस अंश तरी हवं, आणि तेही वरवर नाही, चांगलं पन्नास मीटर खोलपर्यंत. त्याची वाफ वर चढते, तिचे ढग होतात आणि पोटात घेतलेली उष्णता ती तिथे सोडते. त्याने हवा आणखी वर जाते, खाली दाब उतरतो आणि चहूकडून वारा धावत येतो. पृथ्वी फिरते म्हणून तो सरळ न येता वळत येतो आणि भोवरा धरतो. विषुववृत्ताला खेटून ही वळवायची ताकद नसते, म्हणून तिथे वादळं जवळजवळ होतच नाहीत. जमिनीवर आलं की वाफ तुटते आणि ते मरतं. “पण मरता मरता आपली कौलं घेऊन जातं,” असं म्हणून त्या पातेलं पालथं घालत.

तर त्या दिवशी मी डबा घेऊन कचेरीत पोचले तेव्हा वन्संनी दहाची नोंद नुकतीच केली होती. यांच्या बोटीचं इंजिन नवं होतं. ते बसवणारे इंजिनियर म्हणून हे तीन दिवसांच्या चाचणीवर जाणार होते. शिवाय मासेमारीच्या चाळीस बोटी बाराच्या भरतीला सुटायच्या होत्या. आणि वन्सं साहेबांना म्हणत होत्या, धोक्याचा बावटा चढवा.

साहेब थंड डोंगरी गावातून नुकते बदलून आलेले. त्यांनी नोंदवही पाहिली. सातचा आकडा आणि दहाचा आकडा तोच होता. पारा स्थिर आहे, मग घबराट कशाला, असं त्यांचं म्हणणं.

वन्संनी समजावलं. आपल्या उष्ण पट्ट्यात पारा रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सातपासून दहापर्यंत तो चढायलाच हवा, अगदी आईच्या सकाळच्या चहासारखा, न चुकता. आज चढला नाही याचा अर्थ आतून काहीतरी त्याला खाली ओढतंय. कालच्या दहापेक्षा तो चार मिलिबार खाली होता. आणि वारा नसताना किनाऱ्यावर लांब, संथ लाटा येत होत्या, त्या कुठून?

साहेबांनी खिडकीतून निळं आकाश पाहिलं आणि हसून म्हणाले, “बाई, भाऊ बोटीवर जाणार म्हणून तुम्हाला वादळ दिसतंय.”

वन्संनी मात्र नोंदवही उचलून त्यांच्यापुढे ठेवली आणि शेजारी पेन.

“भाऊ घरी झोपलेला असता तरी आकडा हाच असता, साहेब. चुकीचा वाटत असेल तर रेघ मारा. सही मात्र तुमची.”

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. आकड्याकडे पाहिलं. मग स्वतः उठून नळीपुढे गेले, वाकले, डोळा पातळीत आणला. परत येऊन टोपण लावलं आणि मुख्य कचेरीला फोन फिरवला. तिथे भर समुद्रातल्या एका जहाजाचा निरोप सकाळीच आला होता, दाब भराभर उतरतोय म्हणून. एकट्या जहाजावर विश्वास ठेवायचा की नाही, याचा तिथे खल चालला होता. आमचा आकडा ऐकल्यावर तो संपला.

साडेअकराला बावटा चढला. एकही बोट सुटली नाही. हे तणतणत घरी आले, ताईने माझे तीन दिवस खाल्ले म्हणाले. वन्सं तेव्हा कचेरीतच एकची नोंद करत होत्या.

शुक्रवारी दुपारी वादळ आलं. धक्क्याचा कठडा गेला, गोदामाचे पत्रे गेले. चाळीसच्या चाळीस बोटी खाडीत दोरांनी जखडलेल्या होत्या. दोन बुडाल्या, पण रिकाम्या. वन्संनी त्या दिवशीची एकही नोंद चुकवली नाही. पुढे साहेब नव्या माणसाला कामावर घेतलं की आधी चोवीस ऑक्टोबरचं पान उघडून दाखवत. त्यावर रेघ नाही.

शनिवारी संध्याकाळी मी डायरीत लिहिलं: स्वयंपाकघरावरची सात कौलं फुटली. दुपारी यांनी वर चढून नवी बसवली.