लग्नपत्रिकांचं मशीन

कॉम्प्युटर घेताना कुणी मला सल्ला विचारला की हल्ली मी आधी हात जोडतो. विचारतात सगळेच. कंपनीत विचारतात, सोसायटीच्या गेटवर विचारतात, लग्नाच्या पंगतीत हातात जिलेबी धरून विचारतात. मी अर्धा तास जीव तोडून सांगतो, बाबा रे, प्रोसेसर मधला घेतलास तरी चालेल, पण वीज पुरवणारा डबा, तो एसएमपीएस, चांगला घे. तो गेला तर एकटा जात नाही, सोबत दोघातिघांना घेऊन जातो. समोरचा मान हलवतो आणि दसऱ्याला फोटो पाठवतो. तिन्ही बाजूंनी काच, आत सात रंगांचे दिवे, उरूस भरल्यासारखे फिरणारे पंखे, आणि एसएमपीएस कुठल्या तरी अशा कंपनीचा की जिचं नाव मीसुद्धा कधी ऐकलेलं नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा. खाली विचारलेलं असतं, "कसा वाटला?" मी "छान" लिहून मोकळा होतो.

ती काचेची पेटी माझ्या डोक्यातच जाते. इथं मे महिन्यात पंख्याखाली बसलेला माणूस घामानं निथळतो, आणि हे लोक त्या बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डाला काचेत कोंडून ठेवतात. त्यात धूळ. पाण्याच्या पाइपलाइनसाठी कुठला ना कुठला रस्ता उकरलेला असतोच. महिन्याला ब्लोअर मारला की माझ्या कॅबिनेटमधून इतकी माती निघते की कोथिंबीर लावावी. आणि प्रत्येक गोष्टीवर 'गेमिंग' लिहायची ती रीत! गेमिंग खुर्ची, गेमिंग उंदीर, परवा तर एका दुकानात गेमिंग उशी पाहिली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल तर बोलूच नये, पण बोलतो. विंडोज मला विचारतं, 'अपडेट आता करू की नंतर?' नको म्हणायची सोयच ठेवलेली नाही. घरी आलेल्या पाहुण्यानं 'आज राहू की उद्या राहू' विचारावं, तसं. माझ्या पैशानं घेतलेल्या माझ्या मशीनवर मला जाहिराती दाखवतं, आणि चांगलं धडधाकट जुनं मशीन 'चालणार नाही' म्हणून नाकारतं. मग लोक म्हणतात, लिनक्स टाक. टाकलं. पण तिथं एक प्रश्न विचारला की चार उत्तरं येतात, आणि ती देणारे चौघं आपसात भांडत असतात. माझा प्रिंटर त्या भांडणात आजतागायत बंद आहे.

राहता राहिले गेम. पूर्वी सीडी टाकली की खेळ सुरू व्हायचा. आता गेम उतरवायला अख्खा दिवस, मग त्याचं खातं, खात्याचा पासवर्ड, पासवर्डचा ओटीपी. रविवारी बायको माहेरी गेली म्हणून दोन तास मोकळे मिळाले, तर त्यातला पाऊण तास 'शेडर तयार होत आहेत' ही पट्टी बघण्यात गेला. अर्धाकच्चा गेम विकायचा आणि उरलेला सहा महिन्यांनी द्यायचा, हा आता धंद्याचा नियमच झालाय. तरी जो गेम अजून आलेलाच नाही, त्याच्यावरून पोरं ग्रुपवर एकमेकांचे गळे धरतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

असा माझा स्वभाव. मशीन हळू चालत असेल तर त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास. या विश्वासानंच मला तोंडावर पाडलं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, उस्मानपुऱ्यात लग्नपत्रिका कंपोज करून देतात. टाइपरायटरपासून सुरुवात केलेला माणूस. त्यांच्या टेबलावर जे मशीन आहे त्याला बघून मला दरवेळी कसंतरी व्हायचं. विंडोज एक्सपी, पिवळा पडलेला कीबोर्ड, आणि मागं प्रिंटरच्या जुन्या पोर्टात खोचलेली काडेपेटीएवढी वस्तू, जिला धंद्यातले लोक लॉक म्हणतात. ते लॉक नसेल तर मराठी टायपिंगचं त्यांचं जुनं सॉफ्टवेअर उघडतच नाही. मी कितीदा म्हटलं, "अण्णा, आता सगळं फुकट मिळतं, युनिकोड वापरा." ते म्हणायचे, "चालतंय तं कशाला हात लावायचा?"

त्यांची एक पद्धत आहे. पत्रिका ते कधीच कोऱ्या पानावर सुरू करत नाहीत. त्या घरातलं आधीचं लग्न शोधतात, ती फाइल उघडतात आणि माणसं हलवतात. मधल्या काळात जे गेले त्यांच्या नावाआधी 'कै.' लागतं, कुणाच्या घरी 'कालकथित', कुणाच्या घरी 'मरहूम'. मागच्या लग्नात 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पोरं या लग्नात निमंत्रक होतात. नव्या सुना येतात. रुसलेल्या चुलत्याचं नाव एक ओळ वर जातं. एका नावाचा विसर पडला तर भाऊबंद मांडवात पाय ठेवत नाहीत, म्हणून लोक शंभर दुकानं सोडून अण्णांकडे येतात. आमच्या गावाकडच्या, देवगाव रंगारीच्या कित्येक घरांना आपल्या पणजोबांचं नाव आठवत नाही. अण्णांच्या मशीनला माहीत असतं.

आई जाऊन दीड वर्ष झालं होतं तेव्हा धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. सासर लासूर स्टेशनचं, माणसं चांगली, तारीख जवळची. पत्रिका अण्णाच करणार, यात प्रश्नच नव्हता. माझ्या लग्नाची फाइल होतीच. तिच्यातच माणसं हलवायची. दोन तासांचं काम. पण एक आठवडा झाला, दोन झाले, पत्रिका काही होईना. बहीण मला फोन करायची, "दादा, त्यांच्याकडची छापून वाटायला लागली. आपल्या गावात अजून कुणाला पत्ता नाय. आत्या रुसायच्या आधी बघ ना काही तरी."

मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "करायलोय की. मशीन लई अडकतंय."

"इतरांच्या पत्रिका तर होतायत."

"त्या होतेत. आपली फाइल मोठी हाय. उघडली की अडकतं."

"मग दुसऱ्या दुकानातून करून आणू?"

अण्णा माझ्याकडे असे बघत राहिले, की मीच कानकोंडा झालो. "घरच्या लेकीचं पत्र बाहेरून?" एवढंच म्हणाले.

झालं. मशीन अडकतंय, हे शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारायला नको होते. अण्णा एका रविवारी लग्नाच्या तयारीचं बोलायला लासूर स्टेशनला गेले आणि मी त्यांच्या दुकानाची किल्ली घेतली. नवा मदरबोर्ड, नवी रॅम, नवी एसएसडी. मी गाढव नाही. आधी सगळ्या फाइली उतरवून घेतल्या, दोन ठिकाणी ठेवल्या, मग जुनी डिस्क पुसली. नवं विंडोज टाकलं. मशीन बारा सेकंदांत सुरू व्हायला लागलं. मी दोनदा बंद करून दोनदा बघितलं, इतका खूश होतो.

मग मागून लॉक लावायला गेलो, तर नव्या बोर्डाला ते पोर्टच नाही.

पोर्ट नाही म्हणजे लॉक नाही, लॉक नाही म्हणजे सॉफ्टवेअर नाही. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइली उघडून पाहिल्या, तर इतक्या घरांची लग्नं कंस, टक्के आणि प्रश्नचिन्हं होऊन समोर आली. जगाला 'आधी नीट बघा, मग विकत घ्या' म्हणून सांगणारा मी, साधं मशीनच्या पाठीमागं बघायला विसरलो. करायला गेलो गणपती, झाला मारुती. तिथंच खुर्चीवर बसून मी स्वतःला जे काही बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी अण्णा आले. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. ते उभ्या उभ्या ऐकत राहिले, मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "असू दे. नाय उघडत तं नाय उघडत." मला याचाच जास्त राग आला. आयुष्यभराचं काम पोरानं मातीत घातलं आणि माणूस 'असू दे' म्हणतो! वर चेहऱ्यावर चिंता म्हणाल तर तीही दिसेना. उलट जरा हलके झाल्यासारखेच वाटले. त्या रात्री घरी ते पोटभर जेवले.

सोमवारी मी रजा टाकली. काढलेला जुना बोर्ड माझ्याकडेच होता, कारण मी काहीही फेकत नाही आणि त्यावरून बायकोची बोलणी खातो. जुनी डिस्क परत लावली. एक्सपीची सीडी मिळाली, पण ती वाचायला ड्राइव्ह हवा. तो माझ्या कॉलेजच्या मशीनमधून उपटला. मध्येच रॅमनं कुरकुर केली, ती खोडरबरानं घासून बसवली. सॉफ्टवेअरची सीडी अण्णांच्या कपाटात, रद्दी पत्रिकांच्या गठ्ठ्याखाली सापडली. मंगळवारी दुपारी लॉक लावलं, आयकॉनवर क्लिक केलं आणि देवाचं नाव घेतलं. उघडलं. कंस गेले, टक्के गेले, माणसं आपापल्या जागेवर परत आली. मी अण्णांना हाक मारली. आवाजात विजय होता, खोटं कशाला बोलू.

"बसा. आता अडकणार नाही. करा पत्रिका."

अण्णा बसले. चष्मा पुसला. माझ्या लग्नाची फाइल उघडली, तीही चटकन. माझं नाव काढून बहिणीचं घातलं, चिरंजीवची चि.सौ.कां. केली, तारीख बदलली, कार्यालय बदललं. माझ्या पत्रिकेवर आजोबा हयात होते. त्यांच्या नावाआधी 'कै.' घातलं. बोटं कशी सरसर चालली होती. मग कर्सर वरच्या ओळीवर गेला. तिथं लिहिलं होतं सौ., पुढं आईचं नाव, मग 'व श्री.' आणि अण्णांचं नाव. कर्सर 'सौ.'च्या आधी जाऊन थांबला.

थांबलाच.

मी वाट बघितली. मग सवयीप्रमाणं पुढं वाकून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरला चार टक्के काम होतं. मेमरी रिकामी पडली होती. डिस्क शांत होती. मशीनला काहीही झालेलं नव्हतं.

"अडकतंय," अण्णा म्हणाले.

त्यांचं बोट कळीवर होतं, पण कळ दाबली जात नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि इतकी लाज वाटली की काय सांगू. दोन आठवडे हा माणूस रोज ही फाइल उघडत होता, या ओळीपर्यंत येत होता आणि बंद करत होता. फाइली उघडेनात म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं होतं. आणि मी रजा टाकून, जीव तोडून, त्याला पुन्हा त्याच ओळीवर आणून बसवलं होतं. गावातल्या प्रत्येक घरची मेलेली माणसं त्यांनी याच बोटांनी 'कै.' केली होती. माझ्या आईला त्यांना करता येत नव्हतं.

"सरका अण्णा," मी म्हटलं. "मी टाकतो. कोणती कळ?"

त्यांचा कीबोर्ड मला येत नाही. एकेक कळ कुठं आहे ते त्यांनी बोटानं दाखवलं, तोंडानं नाही. मी चुकलो, त्यांनी खोडायला लावलं. दुसऱ्यांदा नीट आलं. पण ते 'कै.' वाढल्यामुळं ओळीत जागा पुरेना, आणि अण्णांचं नाव तुटून खालच्या ओळीवर गेलं. वर एकटी आई, खाली एकटे अण्णा.

अण्णांनी चष्मा काढला होता, तरी त्यांना ते दिसलं.

"अक्षर बारीक कर," ते म्हणाले.

"वाचायला येणार नाही, अण्णा. लोक म्हातारे आहेत."

"नाय वाचलं तं नाय वाचलं. दोघांला एका वळीत बसव."